मदरबोर्डची सुईण

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की माणसं पडद्याकडं बघतात. कुसुम सिस्टर कान देतात. मदरबोर्डवरच्या चिमुकल्या स्पीकरमधून 'टीं' असा एकच आवाज आला की त्या श्वास सोडतात, मनगटावरच्या घड्याळात बघतात आणि जाहीर करतात, "रडलं. सुखरूप हाय." तो आवाज आला नाही तर पडद्यावर काहीही झळकू दे, सिस्टरांच्या लेखी तो कॉम्प्युटर जन्मलेलाच नसतो. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांना स्पीकर नसतो, हे मी त्यांना समजावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या कुठूनतरी मूठभर स्पीकर घेऊन आल्या आणि माझ्या क्लासमधल्या एकूण एक मशीनला बसवून मोकळ्या झाल्या.

बारामतीत माझा कॉम्प्युटर जोडणी आणि दुरुस्तीचा क्लास आहे. येणारी मुलं बहुतेक कॉलेजातली, एक डोळा मोबाइलवर ठेवून शिकणारी. त्यांच्यात एक दिवस पांढरी सुती साडी नेसलेल्या, साठी ओलांडलेल्या बाई येऊन पहिल्या बाकावर बसल्या. मला वाटलं, नातवाचं नाव घालायला आल्या असतील.

"नातू कुठला वो मास्तर? मलाच शिकायचंय," त्या म्हणाल्या.

राहायला जळोचीला. सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून झालेली. लग्न केलं नाही. का, म्हणून एका आगाऊ पोराने विचारलं तर म्हणाल्या, "दुसऱ्यांचीच बाळंतपणं उरकंनात, माझं कवा करू?"

मी मुलांना सांगतो, मशीन उघडण्याआधी हात कोरडे ठेवा, अंगठ्या-कडी काढा, अंगातली वीज उतरवायला लोखंडाला हात लावा. ऐकत कुणी नाही. सिस्टर आल्या आणि माझ्या क्लासचं बाळंतपणाच्या खोलीत रूपांतर झालं. त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या, पुसायच्या, बांगड्या काढून पदराला बांधायच्या आणि दारात उभ्या राहून बाकीच्यांची नखं तपासायच्या. स्क्रू ठेवायला स्टीलचा ट्रे, त्यात गॉजचा तुकडा. वायरींना त्या 'नाळ' म्हणत. रॅमची पट्टी उलटी बसवली तर "पायाळू आलंय, मागं घ्या, फिरवा" असं सांगत. आता माझी जुनी मुलं पुण्याहून फोन करून "सर, रॅम पायाळू आलीय" म्हणतात, आणि मला ते कळतं, हे त्याहून वाईट.

मदरबोर्डबद्दल तर त्यांची वेगळीच भक्ती. "आईचं नाव ज्यात आलंय, तितं दांडगाई न्हाय करायची," हे त्या दिवसातून कितीदा म्हणायच्या, देव जाणे. एखादी पिन बसत नसली तर मी म्हणायचो, सिस्टर, जरा जोर लावा. त्या माझ्याकडं पाहून मान हलवायच्या. "जोर आईनं लावायचा असतो. सुइणीनं नुसती वाट बघायची."

चुका करण्यात मात्र त्या कुणाला हार जात नसत. त्यांनी स्वतः जोडलेला पहिला कॉम्प्युटर रडला, घड्याळ बघून झालं, आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी मागं जाऊन बघतो तर सिस्टरांनी कॅबिनेटला तान्ह्या बाळाचं दुपटं चहूबाजूंनी घट्ट गुंडाळलेलं! आतला पंखा बिचारा गुदमरून गेलेला.

"अहो, ह्याला ऊब नको, गारवा लागतो!" मी ओरडलो.

"जन्मल्या जन्मल्या वारं लागू द्यायचं? कसलं उफराटं बाळ म्हणायचं हे," त्या पुटपुटल्या, पण दुपटं काढलं.

असं हसतखेळत चाललं असताना सिस्टरांनी रेश्माची जबाबदारी अंगावर घेतली. रेश्मा म्हणजे त्यांच्याच हातांवर जन्मलेली मुलगी, सणसरला दिलेली. लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. बाळ झाल्यावर रोजची ये-जा जमेना, नोकरी सुटली. आता पुण्याच्या एका कंपनीचं घरी बसून करायचं काम मिळण्यासारखं होतं. अट एकच, घरात स्वतःचा कॉम्प्युटर हवा आणि ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यावर परीक्षा द्यायची. चुकली तर काम दुसरीला. सिस्टर म्हणाल्या, "कॉम्प्युटर मी जोडते." रेश्माने सुटे भाग आणले, सिस्टरांनी माझ्या क्लासमध्ये ते जोडले, मशीन रडलं. परीक्षेच्या सकाळी ते माझ्या गाडीतून सणसरला न्यायचं ठरलं.

वाटेत सिस्टर कॅबिनेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केलेली. प्रत्येक खड्ड्याला त्या माझ्या सीटवर चापट मारत होत्या, जणू रस्ता मीच खणला होता.

घरी पोचलो. आतल्या खोलीत टेबल मांडलेलं होतं. वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. आवाज नाही. पडदा काळा.

"रडलं न्हाय," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. मी पुढं सरसावलो. अशा वेळी मला दुसऱ्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर बघवत नाही. सिस्टरांनी माझा हात झटकला. "मास्तर, तुमी बाहेर थांबा. पुरुषमाणसानं आत थांबायचं न्हाय." स्वतःच्या धंद्यात मला कुणी खोलीबाहेर काढलंय, हे पहिल्यांदाच. मी चिडलो होतो, पण त्यांचा चेहरा बघून उंबऱ्याबाहेर आलो.

बाहेर रेश्माचे सासरे, आबा, नातवाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. त्यांनी माझ्याकडं सहानुभूतीने पाहिलं. "पहिलीच खेप व्हय?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा नुसती मान डोलावली.

दारातून मला दिसत होतं. सिस्टरांनी वीज बंद केली, रॅम काढून पुसून बसवली. पुन्हा बटण. पंखा फिरतोय, आवाज नाही. रेश्मा भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. फोनवर कंपनीचा निरोप आला, 'कृपया तयार राहा.' तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"सिस्टर, राहू दे आता," ती म्हणाली. "पुढच्या वेळंला बघू."

"गप," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वीज काढली, डोळे मिटले आणि एकेका वायरीवरून बोटं फिरवायला लागल्या. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठंय ते बघावं, तशी. वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर असते. तिथं बोटं थांबली.

"हितं हाय. अर्धीच आत गेलीय."

माझ्या सगळं लक्षात आलं. जोर लावायचा नाही, म्हणून त्यांनी ती पिन कधी पुरती दाबलीच नव्हती. क्लासमध्ये कशीबशी टेकून होती, खड्ड्यांनी सुटली. "सिस्टर, दाबा!" मी बाहेरून ओरडलो. "खट्ट वाजेपर्यंत दाबा!"

त्यांनी अंगठा टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. इतकी वर्षं वापरून झिजलेली ती बोटं. आज त्यांच्यात तेवढा दम नव्हता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी आत पाऊल टाकलं तसं त्यांनी मान वर करून मला दारातच थांबवलं.

"रेश्मा, तू ये. अंगठा ठेव हितं. मी खालून आधार देते. आता लाव जोर."

"मोडलं तर?"

"मोडत न्हाय. श्वास घे. लाव. अजून थोडा. लाव गं माझी बाय, आलं, आलं, सोडू नको..."

खट्ट.

वीज जोडली, बटण दाबलं. 'टीं.'

बाहेर आबांच्या खांद्यावरचं पोरगं त्याच वेळी भोकाड पसरून रडलं. आबा म्हणाले, "जुळं झालं जणू." सिस्टर घड्याळात बघायचं विसरल्या. रेश्माने खुर्ची ओढली आणि सिस्टर खोलीबाहेर आल्या.

परीक्षा संपेपर्यंत कुणी चहालाही हात लावला नाही. मग रेश्मा बाहेर आली. तिचं तोंड बघूनच कळलं. निकाल लगेच पडद्यावर आला होता, काम मिळालं होतं. ती सिस्टरांच्या पाया पडली, मग माझ्याही पडायला निघाली. मी फुशारून गेलो.

"आता काळजी नको," मी म्हणालो. "असा पक्का जोडलाय की पाच वर्षं ह्याला हात लावायला नको."

सिस्टर स्क्रूड्रायव्हर गॉजमध्ये गुंडाळत होत्या. हात थांबले.

"पाच वर्षं?"

"सहज."

"म्हंजे बोलवायचं कामच न्हाय." त्या हसल्या. "उपकेंद्रावर असताना कुणी ना कुणी दार वाजवायचंच. आता घरची बेल बिघडली का काय म्हणून मीच बाहेर जाऊन दाबून बघते. वाजती चांगली."

आपण पाच वर्षं कशाला म्हणालो, असं मला झालं.

सिस्टरांनी खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं. "पण धूळ लई हाय बघ हितं, रेश्मा. महिन्याच्या महिन्याला उघडून बघावं लागंल."

रेश्माने माझ्याकडं पाहिलं. "खरंच, सर?"

वर्षाकाठी दोनदा धूळ काढली तरी पुरे, असं मी क्लासमध्ये फळ्यावर लिहून देतो.

"महिन्याला बघावंच लागतं," मी म्हणालो. "आणि ते फोनवर जमत नाही. माणूसच यावं लागतं."

"मग जेवायलाच यायचं," आबा म्हणाले. "वार सांगा, म्हंजी घरात माणसं असतील."

सिस्टर चपला घालायला उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पट्ट्यात पाय सरकवला, आणि वर न बघताच म्हणाल्या, "तुमीच सांगा की. मला कुठलाबी वार चालतोय."