चूल पेटली का घर

आमच्या नव्या घरात पहिली चूल पेटली आणि कासमचाचांनी तिच्यावर घागरभर पाणी ओतलं. वरचं दुधाचं भांडं कलंडलं. माझी बायको सुशीला पोराला पोटाशी धरून भिंतीला चिकटली.

"माफ कर बेटी," चाचा धापा टाकत म्हणाले, "सांगाले टाइम नव्हता."

कासमचाचा रोहिणखेडचे गवंडी. त्यांनी रचलेल्या भिंतीतून मुंगीलाही वाट मिळायची नाही. पण काम सांगायला कोणी गेलं, की चहा-पाण्याआधी त्यांचा प्रश्न यायचा, "कागद हाय काय?" गावठाणात बांधायचं असेल तर पटवाऱ्याचा नकाशा, वावरात राहायचं घर हवं असेल तर मलकापूरच्या तहसिलीची परवानगी. दोन्ही नसलं की चाचा थापी पिशवीत टाकून उठायचे. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते.

कमरेला गाठी मारलेली दोरी कायम असायची. लग्नाला गेले, की आधी मांडव गाडीवाटेत किती आला ते मोजायचे आणि मग नवरदेवाला भेटायचे. पाटलांचं कोंबड्यांचं खुराडं हातभर वाटेत आलं, तर त्यांनी भर चावडीत ते सांगितलं. पाटलांना निमूटपणे कोंबड्या हलवाव्या लागल्या.

"कासम, तू तं मेल्यावर कबर बी मोजून घेशीन बे," पाटील वैतागून म्हणाले.

"मंग? बाजूवाल्याच्या हद्दीत पाय गेला तं?"

मी तिथल्या शाळेत मास्तर. दोन वर्षं शाळेच्याच ओसरीवर हातानं भाकरी थापून खात होतो. सुशीला माहेरी, दुसरबीडला. सासऱ्यांनी बजावलं होतं, की घर झाल्याशिवाय मुलगी पाठवणार नाही. आणि पाठवल्यावर परत आली, तर मग कायमचीच आली असं समजा. म्हणून पाटलांकडून गावठाणाला लागून वावराचा एक तुकडा घेतला आणि चाचांकडे गेलो.

"माझंच वावर आहे चाचा, कागद कशाला?"

चाचा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी बे एके तीन म्हटलं.

"जमीन निजामाची, राज इंग्रजाचं, कारभार नागपूरचा. तीन मालकाच्या जागेवर तुमी बिनकागदाचा दगड-गोटा ठेवता? मास्तर होऊन?"

गावानं मला सोपी युक्ती दिली. वावरात बैलांसाठी कोठा बांधायला कोणी अडवत नाही. मग कोठा म्हणायचं आणि आत सुखानं राहायचं. अर्ध्या गावानं हेच केलं होतं. मी मोताळ्याहून दुसरा गवंडी आणला आणि दोन खोल्यांचा, देवळी-खिडक्यांचा 'कोठा' उभा केला. चाचा रोज संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उभे राहायचे. म्हणायचे, "भित काई बोलत नाही, मास्तर. चूल पेटली का घर."

चूल पेटली, की कोठ्याचं घर होतं, असं त्यांचं म्हणणं. मी हसून सोडून द्यायचो. आणि त्या दिवशी त्यांनी माझी पेटती चूलच विझवली होती. मी त्यांची बंडी धरली. हात उगारला होता, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

"मारा मंग," ते म्हणाले, "आंधी भांडे लपवा. नायबसाहेब घोड्यावर येऊन राह्यले. धूर दिसला तं आजच छप्पर उतरवतीन."

चाचांनी बाहेरून आपली बकरी ओढून आणली आणि आमच्या चौकटीला बांधली. सुशीलेनं भांड्यांवर कडबा टाकला. तेवढ्यात टापा ऐकू आल्या.

"हे काय आहे?" नायब तहसीलदारांनी घोड्यावरूनच विचारलं.

"कोठा, सरकार," चाचा म्हणाले.

बकरी शांतपणे आमच्या वास्तुशांतीचं तोरण खात होती. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, बकरीकडे पाहिलं आणि घोडा पुढे काढला.

मला दुसरा धक्का बसला तो त्यानंतर. "चाचा, तुम्ही खोटं बोललात?"

"खोटं काऊन? चूल इझली, जनावर बांधलं. कोठाच झाला नं?"

मग त्यांनी पिशवीतून बांबूची नळी काढली. तिच्यात माझ्या नावाचा अर्ज होता, मलकापूरच्या अर्जनविसाकडून लिहून आणलेला. नकाशा, धुऱ्यांची मापं, वाटेपासूनचं अंतर, सगळं होतं. "रोज धुऱ्यावर काय करत होतो मंग? मोजत होतो. सही करा. पन कागद येईलोक इथं चूल पेटवाची नाही."

"मग आम्ही खायचं कुठं?" सुशीला प्रथमच बोलली. तिला वडिलांचं बोलणं आठवत होतं.

चाचा आम्हाला गावठाणातल्या त्यांच्या घरी घेऊन गेले. ते स्वतः बहिणीकडे जेवत, हे मला ठाऊक होतं. पण घरात आजवर त्यांनी कोणाला नेलं नव्हतं. दोन खोल्या, आढ्याला पाळण्याची कडी आणि कोपऱ्यात सुबक चूल. चुलीत चिमूटभरही राख नव्हती.

"लगन झालं तवा वावरात खोली बांधली होती," ते कडीकडे पाहत म्हणाले. "बिनकागदाची. चूल पेटली, साहेबानं धूर पाह्यला. दुपारी छप्पर खाली. माही बायको जैनब, तिले सातवा महिना होता. माहेरी गेली. म्हने, कागद आला का या घ्याले. कागदाले तीन वर्ष लागले. मंग हे बांधलं अन् गाडी घेऊन गेलो. तं तिच्या कबरीवर गवत वाढलेलं. लेकराच्या बी. मले कोनी सांगतलंच नव्हतं."

दोन वर्षं मी या माणसाच्या दोरीवर हसत आलो होतो.

सुशीला चुलीपाशी घुटमळली. आम्ही ब्राह्मण, ते मुसलमान. ती कशासाठी थांबली ते त्यांनी ओळखलं.

"कोरी हाय बेटी. कोनाच्याच जातीची झाली नाही अजून."

सुशीलेनं पोर माझ्याकडे दिलं आणि काडेपेटी मागितली.

चाचा बाहेर गेले. मी दारातून पाहिलं, तर ते गल्लीत मधोमध उभे होते, मान वर करून. त्यांच्या छपरातून धूर निघत होता.