हद्दीतली आंघोळ

हिंगवाडे नगरपंचायतीच्या हद्दीत, मे महिन्याच्या सहा तारखेस सकाळी सव्वाआठ वाजता, श्री. उखर्डू वना चौधरी, वय एकोणसत्तर, व्यवसाय शेती, हे स्वतःच्या केळीत, स्वतःच्या पंपाखाली, लंगोटीवर आंघोळ करताना आढळून आले. गेली एक्कावन्न वर्षं ते रोजच आढळण्याच्या स्थितीत होते. त्यांना शोधायला मात्र कोणी गेलं नव्हतं.

मी या नगरपंचायतीत वरिष्ठ लिपिक. पंडित म्हणतात मला. मूळचा नरडाण्याचा, धुळ्याकडचा. नोकरीपायी या सावदा-रावेरच्या केळीपट्ट्यात येऊन पडलो. माझ्यासमोर तीन मुख्याधिकारी आले आणि गेले, टेबल तेच राहिलं. शासन कुठे असतं असं कोणी विचारलं तर मी ते टेबल दाखवतो.

तक्रार केली होती कापडवाले ज्ञानचंदशेठ यांनी. मागच्या दिवाळीत त्यांनी 'नंदनवन हाइट्स'मध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जाहिरातीत बाल्कनीतून हिरवंगार दृश्य मिळेल असं लिहिलं होतं, आणि ते मिळालंही. शेठची हरकत एवढीच होती की दृश्यात माणूस निघाला.

"शेठ, केळी दहा फूट वाढलीय," मी अर्ज वाचून म्हटलं. "तुम्हाला उखर्डूआबा दिसतात कसे?"

"स्टुलावर उभं राहिलं की दिसतात."

"आणि स्टुलावर कशासाठी उभे राहता?"

"दिसतात की नाही ते बघायला," शेठ म्हणाले. "रोज खात्री करावी लागते. माझ्या घरात बाईमाणूस आहे, पंडितजी."

बाईमाणूस म्हणजे कुसुमलताबाई. त्या शेजारीच बसल्या होत्या. "मला कधी काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तुळशीला पाणी घालते. हेच बोलवून बोलवून दाखवतात." हे वाक्य मी नोंदीत घेतलं नाही. तक्रारदाराची बाजू कमकुवत करणं माझ्या कामात बसत नाही.

आमचे मुख्याधिकारी ललितसाहेब. वय एकोणतीस, तरतरीत, याआधी कोकणात समुद्रकाठच्या एका गावी होते. "तिथे मी काय काय पाहिलंय, पंडित," असं ते म्हणाले. "पण तिथे ते धोरणात बसत होतं. आपलं धोरण काय आहे?"

आपलं धोरण नव्हतं. सार्वजनिक नग्नतेबाबत ठिकठिकाणी काय पद्धत आहे याचा तुलनात्मक तक्ता सादर करा, असा आदेश निघाला. मी अकरा ठिकाणी पत्रं पाठवली. कोकणातून उत्तर आलं की पाहुणा उघडा असेल तर ते पर्यटन, गावचा असेल तर मासेमारी, दोन्हीला उत्तेजन द्यावे. कुंभमेळा भरतो तिथून कळवलं की साधू निर्वस्त्र असतील तर त्यांना बंदोबस्त द्यायचा, दुसरा कोणी असेल तर त्याचा बंदोबस्त करायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामपंचायतीने उलट आम्हालाच विचारलं, की आपल्याकडे आंघोळ कपडे घालून करतात काय, आणि करत असल्यास अंग कसे धुतात, मार्गदर्शन व्हावे. परदेशाचा रकाना मी मोबाईलवर बघून भरला. जर्मनीत एका शहरात बागेत नागडं ऊन खायला जागा राखून ठेवलीय म्हणे. स्पेनमध्ये काही गावांत समुद्रावर चड्डी चालते, दोन गल्ल्या आत आलात की दंड.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे माणूस तोच, अंग तेच. गाव बदललं की गुन्हा."

"होय साहेब."

"मग आपण कोणत्या गावासारखं व्हायचं?"

हा प्रश्न एवढा मोठा होता की सभागृहाने चर्चा न करता तो मंजूर केला. उपविधी झाला: हद्दीत उघड्यावर असताना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेले असावे. शिपायाने टेप घेऊन आबांच्या दोरीवर वाळत घातलेली लंगोटी मोजली. ती चौदा इंच बेकायदेशीर निघाली.

सुनावणीला आबा धोतर, सदरा, टोपी, अगदी लग्नाला निघाल्यासारखे आले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटेल, डाग जाणार नाही. म्हणून इकडचे लोक घड कापताना अंगावर कमीत कमी ठेवतात आणि पंपाखाली अंग खरवडूनच घरी जातात.

"आबा, तुम्ही कपडे घालून आंघोळ का करत नाही?" साहेबांनी आदराने विचारलं.

"तुमी करता का, साहेब?"

"मी बाथरूममध्ये करतो."

"आमच्या घरी बी हाये मोरी. तथी नयाले पानी आठव्या दिवशी येतं. नय तुमचाच हाये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. गेल्या वर्षी हद्दवाढ झाली तेव्हा आबांचं घर आणि अर्धं शेत शहरात आलं, आणि शहराने त्यांना दिलेली एकमेव वस्तू म्हणजे तो नळ.

"निदान वेळ तरी बदला," साहेब म्हणाले. "सव्वाआठला समोर लोक उठलेले असतात."

"थ्री-फेज लाइट आठले येते. पंप तवाच चालतो. ते बी सरकारच ठरवतं."

निर्णय होईपर्यंत आंघोळीस स्थगिती देण्यात आली. ही स्थगिती दिसायला साधी होती, पण तिच्यामुळे आबा बेघर झाले. त्यांच्या कुटुंबाचं, सुगंधाबाईंचं, पन्नास वर्षांचं शास्त्र होतं: चीक घेऊन कोणी उंबरा ओलांडायचा नाही. "तुमच्या कचेरीनं सांगो का देवानं सांगो, अंग धुतल्याबिगर घरात पाय नाही," त्यांनी मला दारातच बजावलं. आबा ओट्यावर बसून ताट घेत होते. पंचेचाळीस अंशांचं ऊन, मानेवर चिकाची काळी पुटं, आणि खाजवून खाजवून लाल झालेले हात. पाचव्या दिवशी ते मला म्हणाले, "पंडितभाऊ, एक डाव नुस्तं पाय धुवू का?" मला वाईट वाटलं. वाईट वाटणे ही बाब माझ्या कार्यसूचीत नाही, तरी वाटलं.

म्हणून मीच त्यांना नकाशा दाखवला. हद्दवाढीची रेघ त्यांच्या पंपाच्या हौदातूनच जात होती. पूर्वेचा अर्धा हौद शहर, पश्चिमेचा अर्धा कुंडखेडे ग्रामपंचायत. तिथल्या सरपंच लताबाई हुशार. त्यांनी दोन ओळींचा ठराव केला: "लंगोटीवर आंघोळ करणे हे शेतीकामच आहे. ज्यास बघवत नसेल त्याने बघू नये."

दुसऱ्या दिवशी आबा हौदाच्या पश्चिम अंगाला बसून न्हाले. साबण लावला, पाठ चोळली, आणि घरात जाऊन पाटावर जेवले.

ज्ञानचंदशेठ दहा वाजता हजर. "तिकडे सरकले तर आणखी नीट दिसतात," ते म्हणाले. "मधलं केळीचं झाड आता आड येत नाही."

मोजणी झाली. आबा ग्रामपंचायतीत बसतात, पण तांब्या घ्यायला उजवा हात शहरात येतो असं निष्पन्न झालं. हात बेंबी ते गुडघा या कक्षेत येत नसल्याने सोडून द्यावा लागला. ललितसाहेब दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं, आणि ते सुचलं तेव्हा मी हजर होतो याचा मला अभिमान वाटतो.

"पंडित, नग्नता घडते कुठे? जिथे माणूस उघडा असतो तिथे नाही. चार भिंतींत आपण सगळेच असतो. ती घडते जिथून दिसते तिथे. घटनास्थळ हौद नाहीच. घटनास्थळ बाल्कनी आहे, आणि बाल्कनी आपल्या हद्दीत आहे."

कायद्याने हे बिनतोड होतं. त्यामुळे नोटीस बाल्कनीच्या मालकाला गेली: आपल्या जागेत दररोज सकाळी सव्वाआठ वाजता नग्नता घडते, खुलासा करावा.

"मी तर नुसतं बघतो," शेठ ओरडले.

"तेच लिहिलंय शेठ," मी म्हटलं.

मग बघण्याचं नियमन करणं ओघानेच आलं. 'पाहणी परवाना' सुरू झाला. अर्जात नाव, पत्ता, स्टुलाची उंची आणि पाहण्याचे कारण असे रकाने. पहिल्याच दिवशी त्रेसष्ट अर्ज आले. कारणाच्या रकान्यात सर्वांनी एकच लिहिलं होतं: निषेध नोंदवण्यासाठी. संस्कृती रक्षणाच्या दोन मंडळांनी पुढची रांग मागितली. एक अर्ज आमच्या आस्थापना विभागातून आला होता. एक ललितसाहेबांचा होता, त्यावर मी 'शासकीय कामकाज' असा शेरा मारला.

सोमवारी सव्वाआठला शेठच्या बाल्कनीत माणूस मावत नव्हता. मी यादी घेऊन दारात उभा. खाली आबा आले. त्यांनी सदरा काढला, धोतराच्या गाठीला हात घातला आणि सवयीने वर आभाळाकडे पाहिलं. वर आभाळ नव्हतं, आम्ही होतो. आबांचा हात गाठीवरच थांबला. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा तो माणूस लाजला. त्याने सदरा उलटा छातीशी धरला आणि पाणी तसंच वाहतं ठेवून केळीत निघून गेला. बाल्कनीत हळहळ पसरली. कोणीतरी म्हणालं, "उद्या परवाना चालेल ना हाच?"

मंगळवारी त्याच वेळेस, बाल्कनी पुन्हा भरलेली असताना, सुगंधाबाई जिना चढून आल्या. काखेत पांढऱ्या पिशव्यांचा गठ्ठा. केळीचा घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की इकडे त्याला वरपासून खालपर्यंत अशी कापडी पिशवी घालतात, स्कर्टिंग बॅग म्हणतात तिला. आबांच्या शेतातला एकूण एक घड तसा अंगभर झाकलेला होता.

"झाकायची एवढी हौस हाये ना तुमाले," त्या म्हणाल्या, "मंग आयका. आमी घड काहून झाकतो? तो खराब व्हऊ नये म्हनून. जे नासतं ते झाका लागतं. माह्या मानसाले एक्कावन्न वर्सात काही झालं नाही. नासून तुमी राह्यले. घाला डोक्याले."

असं म्हणून त्यांनी एकेकाच्या हातात पिशवी दिली. साहेबांनी मला हळूच विचारलं, उपविधीत बसतं का. मी म्हटलं, झाकण्यावर आपला भर आहेच. ज्ञानचंदशेठनी जन्माच्या सवयीने कापड बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"पातळ आहे," ते पुटपुटले. "आतून सगळं दिसतं."

हे मागपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मग मात्र सर्वांनी शिस्तीत पिशव्या डोक्यावरून ओढून घेतल्या, साहेबांनीसुद्धा. बाल्कनीभर घडच घड उभे. खाली आबा आले, वर पाहिलं आणि पोट धरून हसले. वर माणसं नाहीत, केळी लागलीय, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी. ते निवांत न्हाले. सुगंधाबाईंनी त्यांना त्या दिवशी घरात घेतलं आणि रोज घेतात. प्रकरण निकाली निघालं आहे.

माझी आई नरडाण्याला म्हणायची, कपडास्ना मझार बठ्ठा नागडाच शेतस, म्हणजे कपड्यांच्या आत सगळे नागडेच असतात. ते मी शेऱ्यात लिहिलं नाही, आमच्याकडे अहिराणीत शेरे चालत नाहीत.

पिशव्या मात्र मी मोजून घेतल्या होत्या. चौसष्ट होत्या, परवाने त्रेसष्ट. एक उरली. यादी पुन्हा तपासली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, विनापरवाना कोणीतरी पहिल्यापासून उभं आहे. अर्ज नाही, नोटीस नाही. आबांची गाठ सुटते की नाही तेवढं बघायला पहिल्या ओळीपासून वाचत इथवर आलेलं. तुमचा अर्ज मीच भरून ठेवलाय. फक्त कारणाचा रकाना कोरा आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, सगळे तेच लिहितात. पिशवी घेऊन जा.