गणपतरावांचा पूर

आमच्या गल्लीत गणपतरावांना कोणी पाणी प्यायला देत नसे. ते पीत नसत, ओतत. घरात आले की पाण्याचा लोटा उचलायचे, उंबरठ्याच्या आत सांडायचे आणि ओणवे होऊन पाणी कुठे पळतं ते पाहत बसायचे. मग खिशातून गेरूचा खडा काढून भिंतीवर आडवी रेघ ओढायचे आणि तिच्यावर बोट ठेवून त्या घरच्या बाईला बजावायचे.

"वहिनी, नाला भरला तर तुमच्या घरी अथीवर पाणी येईन. चूल वर घ्या."

"मग भाकरी काय शिडीवर बसून थापू, भाऊजी?"

"थापा. पाणी कोणाच्या बापाचं आयकत नाही."

हे त्यांचं पालुपद. गिरणीतून निवृत्त झालेली माणसं भजनाला लागतात, हे पुरामागे लागले. आमचा नाला म्हणजे उन्हाळ्यात म्हैस लोळायला जाई आणि कोरडीच परत येई. पण गणपतरावांचं घर गल्लीच्या टोकाला, सगळ्यात खाली. घरात त्यांची बायको सरूबाई. लकव्यानं तिचे पाय गेलेले, कित्येक वर्षं खाटेवर. नाला चढला तर तिला कोणाच्या घरी न्यायचं, हा त्यांना एकच घोर. म्हणून घरोघर पाणी सांडत फिरायचं.

भाच्यासाठी मुलगी पाहायला हुडकेश्वरला गेले, तेव्हा सोबत वयस्कर माणूस हवं म्हणून मी गणपतरावांना नेलं. मुलीनं पाणी आणून दिलं. यांनी ते तिच्याच पायाशी ओतलं. मुलीचा बाप ताडकन उठला.

"पोरगी चांगली हाय," गणपतराव वाकल्या वाकल्याच म्हणाले, "पण घराचा उतार आतमधी हाय. पावसाळ्यात इले माहेरी नका पाठवू."

लग्न जमलं. ती भाचसून अजून पावसाळ्यात माहेरी जात नाही.

खरी मजा शेजारच्या कोहळेबाईंकडे झाली. त्यांची नवी सून उमरेडची. तिला घराघरात गेरूची रेघ दिसली. तिला वाटलं, सासरची काही रीत असेल, म्हणून ती रोज रेघेला हळदकुंकू वाहू लागली. कोहळेबाईंना वाटलं, सुनेच्या माहेरची रीत असेल, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. उलट स्वतःही फूल ठेवू लागल्या. श्रावणापर्यंत निम्मी गल्ली रेघ पूजत होती.

गणपतराव लालबुंद झाले. "अवं, हिले कुंकू काहून लावून राहिल्या? पाणी येईन अथीवर. हिच्यावर सामान ठेवा म्हणतो मी."

"सामान नाही, नैवेद्य ठेवतो, भाऊजी," कोहळेबाई म्हणाल्या.

पोळा तोंडावर आला आणि पाऊस लागला तो थांबेचना. एका दुपारी जेवणं उरकत होती, तर नाला गल्लीत. आला म्हणजे धावतच आला. पिंपं, चपला, कोणाची तरी कोंबड्यांची खुराडी, सगळं तरंगत निघालं. आणि जो तो एकच नाव घेऊ लागला. गणपतराव, कुठं जायचं? गणपतराव, काय उचलायचं?

गणपतराव धोतर खोचून गल्लीच्या मधोमध उभे. "कोहळे, म्हशी सोड गा." मग माझ्याकडे वळले, "वहिनी, सगळ्यात उंच ओटा तुमचा. सरूची खाट तुमच्याकडं."

चौघांनी सरूबाईला खाटेसकट उचललं. पाणी गुडघ्याच्या वर. गणपतराव पुढे, मोडकी छत्री मागे तिच्या डोक्यावर धरून ओरडत होते, "डावीकडं गड्डा हाय, उजवीकडून चाला." खरं सांगायचं तर मला मजाच येत होती. इतकी गंमत गल्लीत लग्नालाही झाली नव्हती.

माझ्या ओट्याची पहिली पायरीही बुडली नाही. कोहळेबाईंकडे मात्र पाणी चढत चढत रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबलं.

"रेघेनं राखलं," त्यांनी हात जोडले.

"रेघ म्या काढली," गणपतराव म्हणाले.

"देवी कोणाच्याही हातून काम करून घेते, भाऊजी."

ओल्या बायका सगळ्या माझ्याच घरी जमल्या. चहा झाला, गप्पा झाल्या. कोणाची पोरगी नांदते, कोणाची म्हैस व्याली, सरूबाई एकेकीला विचारत होती. गल्लीच्या त्या टोकाला कोणी फिरकत नसे, तिला काहीच ठाऊक नव्हतं. हळदकुंकवाची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की खाट करकरली.

पाणी ओसरलं. ऊन पडलं. गणपतरावांचं घर धुऊन, सारवून वाळलं.

"न्या आता," मी म्हणाले. "माझीही पडवी मोकळी होऊ द्या."

ते दारात उभे राहिले. आत सरूबाई खाटेवर बसून कांदे चिरत होती आणि कोहळेबाईंवर डाफरत होती, "एवढे मोठाले काहून चिरून राहिली वं?"

गणपतराव बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी वर पाहिलं. आभाळ निळंभोर, ढगाचा ठिपका नाही.

"पाणी अजून येईन, वहिनी," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

मीही वर पाहिलं.

"येईन," मी म्हणाले. "याच्याहून मोठं येईन. खाट राहू द्या तिथंच. अन् कांदे सरत आले, संध्याकाळी जेवाले याल तवा घेऊन या."