पाकिटातली माणसं

सुहासदादा पाकीट फोडण्याआधी त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि हळूच विचारायचे, "आहात का घरात?" मग कान लावून थांबायचे. आम्हीही थांबायचो. आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या त्या स्वयंपाकघरात तेव्हा फक्त फ्रिजची घरघर ऐकू यायची, आणि मला दर वेळी वाटायचं, आता आतून कुणीतरी 'हो' म्हणणार.

पाकिटात बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं असायची. लॉकडाऊनच्या आधी दादांनी जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमधून एक खोकंच उचललं होतं. मेणकागदाची, कधीच न फोडलेली पाकिटं. आत दगड झालेला गुलाबी च्युइंगगम आणि केव्हाच रिटायर झालेले खेळाडू. बेसबॉल आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हता. दादा नाशिकचे, चेरीवूडच्या एका ऑफिसात कामाला. "कशाला कळायला पाहिजे?" ते म्हणायचे. "पाहुण्याला काय आपण पगार विचारतो?"

रविवारी चहाला एक पाकीट फुटायचं. प्रत्येकाने न बघता एक कार्ड ओढायचं. तो आठवडाभर आपला पाहुणा. त्याला खोलीत टेबलावर उभं करायचं, येता-जाता दोन शब्द बोलायचे, आणि पुढच्या रविवारी "काही कमी पडलं नाही ना?" असं विचारून दादांकडे परत द्यायचं. मी विचारायचो. कुणी बघत नाही ना, हे बघून.

घरात आम्ही तिघं. मी शिकायला आलेलो, आमच्या घरातला कॉलेज बघितलेला पहिलाच. वर्ग सगळे लॅपटॉपवर, त्यामुळे माझं आयर्लंड म्हणजे खिडकीसमोरची भिंत. तिसऱ्या डॉक्टर ऋचाताई, ब्युमॉन्ट हॉस्पिटलला ड्यूटीवर. आपल्यामुळे आम्हाला काही होऊ नये म्हणून त्या खोलीतच जेवायच्या. रविवारी मात्र मागचं दार सताड उघडून, जाकीट घालून उंबऱ्याशी बसायच्या.

"दादा, माझ्या पाहुण्याला बीपी दिसतंय. गाल बघा त्याचे."

"मग गोळी द्या. तुमचंच खातं आहे."

आठवड्यात हसणं व्हायचं ते तेवढंच.

हिवाळा लागला आणि माझ्याकडे एक मिशीवाला आला. तो समोर बघत नव्हता. माझ्या खांद्यामागे कुणी उभं असावं तसा तिकडे बघत होता. पुढच्या रविवारी नवं पाकीट, टकटक, आणि मी ओढला तर परत तोच. त्याच्या पुढच्या खेपेला तो ऋचाताईंकडे गेला. इथे नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं तर 'युअर मॅन' म्हणतात. आम्हीही त्याला तेच म्हणू लागलो.

"दादा, हा परत परत कसा येतो?"

"अरे स्कॉलर, रिटायर झालेला माणूस. जाणार कुठे?"

ते हसले नाहीत. पुढे तो परत माझ्याकडे आला, त्या आठवड्यात मी युअर मॅनला पालथा ठेवून झोपलो.

त्यात तो वास. शनिवारी अंधार पडला की, आणि तेव्हा तो दुपारीच पडायचा, घरभर नुकतीच मेणबत्ती विझवल्यासारखा वास यायचा. घरात मेणबत्ती नव्हती. मी भीत भीत ऋचाताईंना विचारलं.

"येतो मलाही," त्या दाराआडून म्हणाल्या. "आणि तुला वास येतोय ना? मग बरा आहेस तू."

एका शनिवारी माझा वर्ग लवकर सुटला. पाणी प्यायला खाली आलो आणि दारातच थांबलो. दादांनी टेबलावर टॉवेल अंथरला होता. बाजूला ते खोकं, आत नुसते फाडलेले मेणकागद. त्यांनी जुनी कार्डं एका कागदात घातली, घड्या जुळवल्या आणि वरून कोमट इस्त्री फिरवली. मेण वितळलं, पाकीट बंद झालं. तो वास आला.

"संपू नका एवढ्यात," ते पाकिटाला सांगत होते. "तुम्ही संपलात की ती दोघं खाली यायची नाहीत."

मी तसाच वर गेलो. दादा खोलीत घरच्या कुणाशी फोनवर बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी टकटक झाली तेव्हा मी नेहमीपेक्षा जरा जास्तच कान लावला.

पुढे दादाच पॉझिटिव्ह आले. खोलीचं दार बंद झालं. ऋचाताई बाहेर ताट ठेवायच्या, बहुतेकदा ते तसंच परत यायचं. आधी खोकला ऐकू यायचा, मग तोही येईना.

रविवारी मी इस्त्री काढली. युअर मॅनला पाकिटात सगळ्यात खाली ठेवलं. निदान आज तरी दुसरा कुणी निघू दे, असं वाटलं. ऋचाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी इस्त्री बाजूला सारायला गेलो.

"मंद कर थोडी," त्या म्हणाल्या. "दादा मंदच ठेवतात."

आम्ही दोघं जिना चढलो. मी दारावर दोनदा टकटक केली. "आहात का घरात?"

आत काहीच हललं नाही. मी दाराला कान लावला. ऋचाताईंनी हँडलवर हात ठेवला.

"आहे," आतून आवाज आला, फार लांबून आल्यासारखा. "कोण आलंय?"

मी पाकीट फोडलं. सगळ्यात वर तो होता, माझ्या खांद्यामागे बघत.

"युअर मॅन."

"येणारच. पाठव आत."

मी दाराच्या फटीतून कार्ड सरकवलं. पलीकडून ते हळूहळू ओढलं गेलं. मग दादा बोलले, आमच्याशी नाही.

"या. बसा."