हरकत नसल्याचा दाखला, रिव्हिजन सहा

हरकत असणे ही तशी सोपी गोष्ट आहे. माणूस 'नाही' म्हणतो आणि जेवायला बसतो. हरकत नसणे हे मात्र फार कष्टाचे काम असते. त्याला कागद लागतो, कागदावर सही लागते, आणि सही करणाऱ्याला वेळ लागतो. संयुक्त अरब अमिरातीत जिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे अशा बाईने काही शिकायचे ठरवले, की या कष्टांना रीतसर सुरुवात होते.

सन २००२च्या जून महिन्यात अबू धाबीतल्या एका कॉलेजने जाहिरात दिली की विज्ञानाच्या पदवीधरांना अठरा महिन्यांत नर्स करण्यात येईल. इतरांना चार वर्षे लागतात. पण पदवीधरांना अभ्यास कसा करायचा हे आधीच ठाऊक असते, असा कॉलेजचा विश्वास होता, आणि तो मोडण्याची माझी इच्छा नव्हती. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. पदवीनंतरच्या आठ वर्षांत माझे या शास्त्रातले प्रात्यक्षिक दही लावण्यापुरते मर्यादित होते. (निकाल शंभर टक्के. आखातातल्या उन्हाळ्यात कुणाचाही शंभर टक्केच लागतो.)

नर्सच का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे कारण मरियमबी. दोन वर्षांपूर्वी आमची आभा न्यूमोनियाने चार दिवस हॉस्पिटलात होती. तेव्हा ती दोन वर्षांची. एवढ्याशा मनगटात शीर सापडेना, आभा किंचाळतेय, मी भिंतीला टेकून उभी. तेवढ्यात मरियमबी नावाच्या रत्नागिरीच्या नर्सबाई आल्या. त्यांनी आभाच्या मुठीत स्वतःचे घड्याळ दिले, आणि ती ते कानाला लावेपर्यंत सुई आत गेलीसुद्धा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरीला मी बघत्ये. तू नवऱ्याला बघ, तो पडेल आता." आणि तो खरोखरच पडला. त्या दिवसापासून मला ते यायला हवे होते, मुठीत घड्याळ देणे. बाकी काही नाही.

कॉलेजला माझ्याकडून पुढील गोष्टी हव्या होत्या: साक्षांकित पदवी, काविळीच्या लसीचा दाखला, छातीचा एक्स-रे, बिननाडीचे पांढरे बूट, 'मला नर्स का व्हायचे आहे' यावर तीनशे शब्द (मरियमबी एकशेवीस शब्दांत संपल्या, उरलेल्या एकशेऐंशीत मानवजात घ्यावी लागली), पासपोर्टच्या मापाचे बारा फोटो, आणि स्पॉन्सरचे म्हणजे नवऱ्याचे एनओसी. फॉर्म देण्याची शेवटची तारीख बुधवार, ४ सप्टेंबर. वर्ग सुरू शनिवार, १४ सप्टेंबर. उशिरा आलेले अर्ज पुढच्या वर्षी विचारात घेतले जातील, असे खाली लिहिले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरात, पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम असेलच असे नाही.

पदवीचा प्रश्न जरा नाजूक होता. ती मिळाली त्याच दिवशी माझ्या वडिलांनी, वसंतरावांनी, तिला काही होऊ नये म्हणून लॅमिनेट करून आणली होती. त्यामुळे आठ वर्षांत तिला खरोखरच काही झाले नाही. परंतु प्लॅस्टिकवर सरकारी शिक्का बसत नाही. सदुसष्ट वर्षांच्या या गृहस्थांनी जळगावी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, वर हातरुमाल ठेवून, कोमट इस्त्रीने दोन दिवस खपून ते प्लॅस्टिक सोलले आणि फोन केला, "निघालं गं गिरिजा. फक्त कुलगुरूंची सही जरा पिवळी पडली." मग पदवी विद्यापीठ, मुंबई, दिल्ली आणि वकिलात असा प्रवास करून पाठीवर चार शिक्के घेऊन परतली. मागून पाहिल्यास ती आता फार मोठी पदवी वाटते.

राहता राहिले एनओसी. ते घरातच होते.

माझे यजमान विजयकुमार मुसफ्फातल्या एका लोखंडी कामाच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहेत. दुसऱ्यांनी तयार केलेले कागद वाचून त्यांवर शेरे मारणे हे त्यांचे काम, आणि ते त्यात वाकबगार आहेत. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक कागद चारपैकी एक अक्षर घेऊन बाहेर पडतो. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर. सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. डी म्हणजे नामंजूर. घरात त्यांनी डी कधीही वापरलेला नाही. ते अत्यंत मोकळ्या मनाचे गृहस्थ आहेत.

मी विषय काढला तेव्हा ते लगेच म्हणाले, "माझी काय हरकत असणार?" आणि मग, सवयीने, "तू ड्राफ्ट कर, मी बघतो."

ड्राफ्ट आमच्या इमारतीखालच्या टायपिंग सेंटरमधल्या अनिलने केला. अनिल पलक्कडचा. त्याला एनओसी तोंडपाठ आहे. 'मी खाली सही करणार, माझ्या पत्नीच्या शिक्षणास माझी हरकत नाही', एवढी एक ओळ. पंधरा दिरहॅम, म्हणजे दोनशे रुपये. दोनशे रुपयांत जळगावात आख्खा निबंध लिहून मिळतो, पण ते असो. हे झाले रिव्हिजन शून्य.

रिव्हिजन शून्य सी होऊन परत आले. शेरा: "'ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना' असा मोघम मायना आहे. कोणाकोणाशी संबंधित? यादी जोडावी."

मी यादी जोडली. (सासूबाई, आभा, कॉलेज, आणि दर शुक्रवारी जेवायला येणारे त्यांचे दोन सहकारी.) रिव्हिजन एकवर शेरा आला की यादीतल्या संबंधितांचे मत घेतल्याचा पुरावा दिसत नाही.

आभाने मत तात्काळ दिले. "ओके मम्मा. बट नो इंजेक्शन ऑन मी." ते मी तारखेसह लिहून घेतले. सासूबाईंना, विद्युल्लताबाईंना, सांगलीला फोन लावला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"अगं चांगलंच आहे की. शीक. फक्त कुणी विचारलं तर मेडिकल लाइनला आहे म्हण. नर्स नको म्हणू."

"पण आई, मी नर्सच होणार आहे."

"ते झाल्यावर बघू. आत्ता लाइनला आहेस ना?"

हे मत पुढे फार उपयोगी पडले. इथल्या मराठी मंडळातल्या ज्या ज्या बायकांना मी मेडिकल लाइन सांगितली, त्यांनी अभिनंदन केले. ज्या दोघींना नर्स सांगितले, त्यांनी विजयकुमारांच्या कंपनीत सगळे ठीक आहे ना, असे विचारले. मंडळात एकूण बासष्ट कुटुंबे आहेत. पैकी अठ्ठावन्न बायका पदवीधर, एकोणीस दुहेरी पदवीधर, आणि एक पीएच.डी. (गणेशोत्सवात मोदकांचे प्रमाण तीच काढते. कधी कमी पडत नाहीत.)

रिव्हिजन दोनवर शेरा: "अर्जदार घरी नसताना घरचे काम कोणत्या पद्धतीने होईल, याचे निवेदन जोडावे." मी अकरा पानी निवेदन लिहिले. आभा दुपारी झोपायची तेवढ्या तासा-दीड तासात ते लिहायचे आणि उरलेल्या वेळात शरीरशास्त्र वाचायचे, असा माझा उन्हाळा चालला होता. हाडांची नावे मी तिच्याच हातावर पाठ केली. दंडापासून सुरुवात करून मनगटाशी यायचे. मनगटात आठ हाडे असतात, आणि सातव्याला ती कूस बदलायची. माझे सातवे हाड अजून कच्चे आहे.

निवेदनात कारखान्याच्या रीतीप्रमाणे थांबे घालणे आवश्यक होते. थांबा म्हणजे जिथे तपासणी झाल्याशिवाय काम पुढे जाऊ नये अशी जागा. विजयकुमारांनी पोळी, आभाची शाळेची बस आणि इस्त्रीचा शर्ट हे तीन थांबे सुचवले. मी गॅस सिलिंडर सुचवला. तो त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारला.

याच काळात मी नाडी मोजण्याचा सराव सुरू केला. घरात एकच प्रौढ मनगट उपलब्ध होते. निरीक्षणे अशी: बातम्या पाहताना बहात्तर. भारत फलंदाजी करताना अठ्ठ्याऐंशी. माझे रिव्हिजन तीन वाचताना शहाण्णव. हरकत नसलेल्या माणसाची नाडी इतकी का धावावी, याचा खुलासा पुस्तकात सापडला नाही. मी तो आकडा वहीत लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

रिव्हिजन तीन मथळ्याच्या अक्षरांमुळे परत आले. चार समासामुळे. पाचमध्ये पाने मोजली होती पण 'एकूण पाने' लिहिले नव्हते. अनिल आता मला पाहिले की खुर्ची पुढे करायचा. एकदा तो म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना. इतने में तो लोग कंपनी खोल लेते हैं."

रिव्हिजन सहा निर्दोष होते. ते मी मंगळवारी, २० ऑगस्टला, सादर केले. विजयकुमारांनी ते उलटसुलट पाहिले, शेरा सापडला नाही, आणि मग "नीट बघतो" म्हणून ऑफिसच्या बॅगेत ठेवले. ते एनओसी रोज पहाटे पावणेसहाच्या कंपनीच्या बसने मुसफ्फाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. वातानुकूलित बसने. माझ्यापेक्षा माझा कागद जास्त बाहेर पडत होता. मी मध्ये तीनदा विचारले. तिन्हीदा उत्तर आले, "मी नाही कुठे म्हटलंय?" आणि ते अगदी खरे होते.

३ सप्टेंबरला दुपारी आभाने मला एक चित्र दिले. त्यात मी पांढऱ्या टोपीत होते, हातात माझ्याएवढे इंजेक्शन होते, आणि बाबा आडवे होते. चित्र छानच होते. आमच्याकडे ऑफिसातले एका बाजूने छापलेले बाद कागद आभाच्या रंगकामाला येतात, आणि त्यामुळे चित्राच्या मागे काहीतरी छापलेले असतेच. मी सहज उलटून पाहिले. कंपनीची कागद तपासण्याची नियमावली होती. कलम सात पोटकलम चार: सादर केलेला कागद तपासनिसाने चौदा दिवसांत परत न केल्यास तो 'ए', म्हणजे मंजूर, समजण्यात येईल. खाली लिहिणाऱ्याचे नाव होते. विजयकुमार.

२० ऑगस्टमध्ये चौदा मिळवले. मग बोटांवर पुन्हा मिळवले. दोन्हीदा आजचीच तारीख आली.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी चित्र त्यांच्यासमोर पालथे ठेवले. त्यांनी कलम वाचले. पुन्हा वाचले. स्वतःच लिहिलेले माणूस इतक्या लक्षपूर्वक वाचताना मी प्रथमच पाहत होते.

"हे क्लायंटसाठी आहे," ते म्हणाले.

"असं कुठं लिहिलंय?"

त्यांनी शोधले. लिहिलेले नव्हते. ही त्रुटी कुणा दुसऱ्याच्या कागदात असती तर त्यांनी सी दिला असता.

"गिरिजा, मी नाही म्हटलेलंच नाहीये."

"नाही म्हटलेलं नाही, कबूल. पण हो कधी म्हटलंत? उद्या बुधवार आहे. उद्या खलास."

एसी घरघरत होता. मग त्यांनी बॅग उघडली, रिव्हिजन सहा बाहेर काढले आणि त्याच्याकडे पाहतच म्हणाले, "तू पास होशील. हॉस्पिटल नोकरी देईल. मग तुझा व्हिसा हॉस्पिटल काढेल."

"काढेल ना."

"म्हणजे माझ्या व्हिसावरून तुझं नाव निघेल. आठ वर्षं जिथं जिथं जातो तिथं लिहितो मी, स्पॉन्सर, पत्नी एक, मुलगी एक." त्यांनी पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. "मग मी कुणाचा स्पॉन्सर?"

सात रिव्हिजनांत मिळून त्यांनी मारलेले शेरे एकोणचाळीस होते. चाळिसावा हा होता, आणि तोच तेवढा खरा होता.

नाडी मोजायला मी हात पुढे केला नव्हता, तरी मनगट हातात आलेच. आकडा वहीत लिहिलेला नाही. मी म्हटले, "आभाचे आहात की. आणि हॉस्पिटल मला व्हिसा देईल, पडलात तर उचलायला ते थोडंच येणार आहे?"

"मी त्या दिवशी पडलो नव्हतो. बसलो होतो."

"बरं, बसला होतात."

त्यांनी सही केली. सहीशेजारी तारीख घातली. तारखेशेजारी सवयीने 'ए' लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. मग एकूण पाने तपासली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी ते बारा पानी एनओसी एकही ओळ न वाचता फाइलला लावले आणि विचारले, स्पॉन्सरच्या पासपोर्टची झेरॉक्स कुठे आहे? ती होती. शनिवारी, चौदा तारखेला, मी वर्गात तिसऱ्या रांगेत बसले.

हे वाचताना तुम्ही विजयकुमारांना हसलात, याची नोंद घेण्यात आली आहे. तुमच्या घरी अशी पद्धत नाही, हेही मान्य. तुमच्याकडे रिव्हिजन नसतात, शेरे नसतात. चहाचा कप पुढे करता करता कुणीतरी सहज काही विचारते आणि तुम्ही तितक्याच सहज म्हणता, "बघू." तर ते कधी विचारले होते, ती तारीख जरा आठवून पाहा. चौदा दिवस उलटून गेले असतील तर आता घाई करू नका. तुमची हरकत नव्हतीच, असे समजून ती व्यक्ती फॉर्म भरून आलीसुद्धा असेल.