तात्यांनी गोळा केलेली मतं

भर रस्त्यात हात आडवा करून ट्रक थांबवायचा आणि ड्रायव्हरला विचारायचं, "का राव, हितं माणसं ऱ्हात्यात, दिसत्यात का तुमाला?" हा आमच्या चाकणच्या तात्यांचा रोजचा उद्योग. ड्रायव्हर जे बोले ते मी, एक शाळामास्तर, इथं लिहू शकत नाही. तात्या मात्र मान डोलवून म्हणत, "बरं, हे बी एक मत झालं."

तात्या पूर्वी टांगा हाकत. एसटी आली, टांगा बसला आणि तात्यांचा सगळा जीव त्या रस्त्यावर राहिला. नाशिकचे ट्रक गावातून असे सुटत, की रस्ता ओलांडताना बायाबापड्या देवाचं नाव घेत. एक म्हैस गेली, आता माणूस जायची वाट बघायची का, हा तात्यांचा सवाल. अर्ज करकरून त्यांनी सडकेच्या साहेबांना भंडावलं. शेवटी साहेब म्हणाले, "लोक सगळ्यात जास्त कुठून ओलांडतात ते सांगा. तिथं 'सावकाश'ची पाटी लावतो."

झालं! चावडीवर सभा भरली. ज्याला त्याला पाटी आपल्याच दारापुढं हवी. सायकलवाल्या करीमभाईंना तर ती दुकानाच्या आत लावली तरी चालली असती. तात्या उखडले. "तोंडं बंद! जो जिथनं वलांडतो, त्यानं तिथं एक दगड ठिवायचा. बास!"

आठ दिवसांत रस्त्याकडेच्या वडाजवळ कमरेएवढा ढीग झाला. मी म्हटलं, जमलं बुवा. पण शनिवारी बाजाराला आलेल्या परगावच्या लोकांनी तो पाहिला आणि हात जोडले. कुणीतरी शेंदूर फासला. दुपारपर्यंत नारळही फुटला. "अवं, देव न्हाई, मतं हायती ती!" तात्या कळवळून ओरडत होते. एका म्हातारीनं विचारलं, "नवसाला पावत्यात का?"

साहेब मोजायला आले ते बूट काढूनच उभे राहिले. मोजतो कोण! पण ट्रकवाले तिथं आपसूक हळू होऊन कपाळाला हात लावू लागले होते. साहेबांनी पाटी तिथंच ठोकली.

मला राहवेना. "तात्या, एवढा आटापिटा कुणासाठी हो?"

ते रस्त्यापलीकडच्या आळीकडे बघत राहिले. तिथं त्यांची थोरली बहीण दिलेली. डोळ्यांनी अधू.

"दोन वर्सं झाली, मास्तर. आक्का कडंपतूर येती, ट्रकचा आवाज आयकती, माघारी जाती. मी आणाया गेलो तर म्हणती, भावाच्या घरी माज्या पायानं यीन, न्हाईतर न्हाई."

दुसऱ्याच दिवशी आक्का काठी टेकत वडापाशी आल्या. येणारा ट्रक हळू झाला, थांबला. मी धावणार, तोच तात्यांनी माझा सदरा धरला. "जाऊ नगा. येऊ द्या तिची तिला."

आक्का ह्या बाजूला पोचल्या. त्यांनी तात्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

"किती वाळलास रं," त्या म्हणाल्या.

तात्यांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला, "हं आक्का, तुजं बी मत ठिव."