युद्धभूमीवर पाठवलेलं धुणं

"तू निर्धास्त जा! तीन महिन्यांचं काय घेऊन बसलीस, तीन वर्षं हे घर मी डाव्या हातानं चालवीन!"

असं मी आइंडहोव्हनच्या विमानतळावर, वीस-पंचवीस गणवेशातल्या माणसांच्या देखत, बायकोला ठणकावून सांगितलं. बायको म्हणजे संहिता. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची इंजिनियर. डच सैन्याच्या वाळवंटातल्या एका तळावर तसलं यंत्र बसवायला कंपनीनं तिला धाडलं होतं. पलीकडच्या देशात युद्ध पेटलेलं. तळ नेमका कुठे आहे हे कुणाला सांगायचं नाही अशी तिला सक्त ताकीद होती, त्यामुळे मलाही ते ठाऊक नव्हतं. बरंच झालं, कारण मला जे ठाऊक असतं ते संध्याकाळपर्यंत आमच्या बाडहूव्हडॉर्प गावातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं!

मागे उरलो मी, म्हणजे दिलीप, आणि आमची दहा वर्षांची सानिका. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं.

पहिले आठ दिवस मला संहिताची फार दया आली. डोळ्यांसमोर सारखा फाटका तंबू, वाळूचं वादळ आणि कोपऱ्यात बसून कोरडा पाव चावणारी माझी बायको! मग तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला. ती जेवत होती. मागे काचेच्या कपाटात सॅलडं मांडली होती. मी मोजली. अकरा प्रकार!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मेस रे. आज गुरुवार ना, आज आइस्क्रीमपण आहे! तुम्ही काय जेवलात?"

"फर्स्ट क्लास खिचडी," मी म्हणालो आणि पातेलं कॅमेऱ्यापासून लांब सरकवलं. ती तळाला लागली होती. पण खिचडीपेक्षा जास्त मी जळलो होतो.

त्यानंतर रोज नवीन चटका! एके दिवशी तिनं फोन हातात घेऊन सगळा तळ फिरवून दाखवला. गाड्या वाळूच्या रंगाच्या, भिंती वाळूच्या रंगाच्या, शौचालयंसुद्धा वाळूच्या रंगाची. राहायच्या कंटेनरांच्या लांबच लांब रांगा. बाहेर सेहेचाळीस डिग्री, पण आत एसी एवढा गार की बाईसाहेब ब्लँकेट घेऊन झोपतात! चौकात एक खांब, त्याला ब्रेडा, युट्रेख्ट असे आपापल्या गावांचे बाण ठोकलेले. एक लठ्ठ मांजर. आणि ऊन उतरलं की व्हॉलीबॉल.

"सार्जंट बास म्हणतो, माझी सर्व्हिस तोफेसारखी आहे!" ती खिदळत म्हणाली.

सतरा वर्षांच्या संसारात मीही तिला तोफ म्हटलं होतं, पण ते वेगळ्या अर्थानं. आणि हा बास कोण? मी विचारलंच.

"अरे, भोंगा वाजला की सगळ्यांनी बंकरमध्ये जाऊन बसायचं असतं. ऑल क्लिअर होईपर्यंत, कधी कधी चाळीस मिनिटं. बास पत्ते घेऊन येतो."

"बसायचं? म्हणजे नुसतं बसायचं?"

"हो. दुसरं काय करणार?"

मी सलग चाळीस मिनिटं शेवटचा कधी बसलो होतो? मला आठवेना! सानिकाची शाळा, तिचं पोहणं, पंक्चर झालेली सायकल, दंतवैद्य, डबा. बायको युद्धावर गेली होती आणि घायाळ मी झालो होतो!

पण कहर केला तो धुण्यानं.

"सकाळी पिशवी द्यायची, संध्याकाळी कपडे घडी करून परत," ती सांगत होती. "मोजेसुद्धा जोडी लावून देतात रे!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या वॉशिंग मशीननं गचका देऊन प्राण सोडला. दुरुस्तीवाला म्हणाला, तीन आठवडे थांबा. मी बादलीत दोन शर्ट धुऊन पाहिले. बाहेर पाऊस, त्यामुळे हीटरवर वाळत घातले. चार दिवसांनी ते ओलेही नव्हते, कोरडेही नव्हते, नुसते चिडलेले होते. डच भाषेत धुण्याला 'वास' म्हणतात. आमच्या घरात तेव्हा दोन्ही भाषांतला वास होता!

तळावरच्या माणसांना घरून पार्सल पाठवायची सोय होती. सगळ्यांनी खाऊ पाठवावा, चित्रं पाठवावीत म्हणून. मला मात्र वेगळंच सुचलं. तिथे धुतात ना? मग धुवा! मी सर्वांत मोठं खोकं आणलं. त्यात पाच चादरी, चार दुलयांच्या खोळी, पडदे आणि टॉवेल गच्च कोंबले. वर चिठ्ठी ठेवली: 'तुमच्याकडे फुकट आहे म्हणून पाठवतोय. घडी करून परत पाठव.'

"पापा, डाट कान एख्त नीट!" सानिका ओरडली. म्हणजे, बाबा, हे खरंच चालत नाही!

"का नाही चालत? फॉर्मवर आत काय आहे ते लिहायचंय. मळक्या कपड्यांना काय म्हणतात?"

"फाउले वास," ती नाक मुरडून म्हणाली. मी तेच लिहिलं. पार्सल घेणाऱ्या आजीबाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

दहा दिवसांनी संहिताचे फोन बंद झाले.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, रागावली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणालो, व्हॉलीबॉलची फायनल असेल, बास असेलच! चिडून मी तिला मेसेज टाकला: 'खेळून झालं की घरच्यांची आठवण काढ.' तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात कुणीतरी फोन पुढे केला. "दिलीप, तुझी बायको इथेच आहे का रे?" बातमीत वाळूच्या रंगाची भिंत होती. भिंत अर्धी कोसळलेली. तिच्यामागे धूर.

मी आधी तो मेसेज पुसून टाकला.

तासाभरानं सैन्याच्या कुटुंब-मदत विभागातून एका बाईंचा फोन आला. सगळे सुखरूप आहेत, फक्त संपर्क तोडला आहे, आज-उद्या सुरू होईल. मी त्यांना तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं. मग मी जिन्यात जाऊन बसलो. नुसता बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर संहिता दिसली. डोळे लाल, केसांत वाळू.

"तुझं खोकं मिळालं," ती म्हणाली.

"संहिता, ते मी... माझं चुकलं गं..."

"ऐक तर. टपाल वाटत होते. सहा आठवड्यांत माझं पहिलं पार्सल, तेही एवढं मोठं, म्हणून सगळे भोवती जमले. मी सांगितलं, लाडू असणार, सगळ्यांना देणार! उघडणार तोच भोंगा. खोकं उचलून तसेच बंकरमध्ये पळालो. या वेळी चाळीस मिनिटं नाही, नऊ तास! खाली उघडं काँक्रीट. एक पोरगी थरथर कापत होती. मग मी खोकं उघडलं."

"आणि?"

"आधी सगळ्यांनी नाकं धरली. मग एकेक चादर अंथरली, खोळी पांघरल्या. पडद्यावर पत्ते रंगले." तिनं डोळे पुसले. "आणि मला आपल्या घराचा वास आला रे. खिचडी करपल्याचासुद्धा!"

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आणि तुला मी भिंतीला आधीच पडलेल्या भगदाडांबद्दल कधी सांगितलं होतं? त्या दिशेला मी फोन वळवतच नव्हते."

ती परतली तेव्हा आइंडहोव्हनला तळावरच्या तुकडीच्या कमांडरनं पुढे होऊन माझा हात हातात घेतला. "आमच्या माणसांना अंथरुणं पाठवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं?"

सानिकानं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"सुचतं कधी कधी," मी नम्रपणे म्हणालो.

घरी येऊन मी खोकं उघडलं. काहीही धुतलेलं नव्हतं. हल्ल्यात लॉन्ड्रीचाच कंटेनर गेला होता! वर प्रत्येक घडीत वाटीभर वाळू. मी मोजलं, तर एक चादर कमी भरली.

"ती बासकडे राहिली," संहिता म्हणाली. "त्याला अजून दोन महिने काढायचेत तिथे. म्हणाला, हिच्यावर झोप लागते."

मी सवयीनं जळायला घेतलं. पण जमेना. आमच्या त्या चादरीवर ज्याला झोप लागते, त्या माणसानं काय काय सोसलं असेल!